प्रथम

लेखाचं नाव आतापर्यंत सहा वेळा बदललं.
बोरजाईची दंगल. बोरजाईचा लढा.
बोरजाई गोळीबार. मग कुणा शहाण्यानं केलं
बोरजाई घटना,
आणि घटना म्हटल्यावर कुणालाच काही बोलता येईना,
मयताला गेल्यावर लोक म्हणतात तसं: ऊन फार आहे.

विट्याच्या वाचनालयात साडेआठला शटर अर्धं ओढून
मी संगणकापुढं बसते.
पलीकडे कुठंतरी 'येरळाकाठ७३' बसलेला असतो.
बोरजाईचा की तळेखिंडीचा, माहीत नाही.
भांडण एका शब्दाचं:
जमावाने 'प्रथम' दगडफेक केली.

बंधाऱ्याचे बरगे कुणी काढले, यावर आमचं मिटलं.
मृतांच्या आकड्यावर मिटलं: सरकारी तीन, गावच्या दगडावर पाच,
दोन्ही लिहायचे, तळटीपेसकट.
जमाव की शेतकरी, यात दिवाळी गेली.
पण 'प्रथम' तो सोडत नाही.
मी काढते. तो परत घालतो,
पुढं तोच एक संदर्भ: सांगलीचं दैनिक, एप्रिल त्र्याहत्तर,
पान एक, तळाशी,
आमच्या वार्ताहराकडून.

त्याचं चूक नाही.
नियम मीच दाखवलाय सगळ्यांना.
श्रावणात मदन्यांच्या नातवानं आजीचं बोलणं टाकलं होतं,
चिंगूबाई, वय ब्याण्णव, मोबाईलवर रेकॉर्ड केलेलं:
"आमी वाळूत झरा उकरत हुतो बाबा.
आवाज आला. मला वाटलं कुनाचं लगीन हाय.
दगूड मागनं. हातात घागर असल्यावर
दगूड कशानं उचलू?"
मी ते पुसलं.
कारण लिहिलं: प्रकाशित नाही, पडताळता येत नाही,
कृपया विश्वसनीय स्रोत द्यावा.
कृपया लिहिलं होतं, एवढं आठवतं.
दसऱ्याच्या आत ती गेली. नातू परत आला नाही.

आमच्या वार्ताहराकडून, म्हणजे
माझ्या वडिलांकडून.
भगवंत शिणगारे. सायकल, शाई गळून निळा झालेला खिसा.
त्यांची रोजनिशी माझ्याकडं आहे, खताच्या कंपनीनं वाटलेली,
वर युरियाची जाहिरात, खाली त्यांचं तिरकं अक्षर:
बोरजाईस गेलो नाही. चेन तुटली.
फौजदारसाहेबांकडून हकिकत घेतली. चहा त्यांचाच.
मजकूर पाचच्या सांगली गाडीला कंडक्टरजवळ दिला.
आईचं खोकल्याचं औषध, एक रुपया ऐंशी.

ही वही मला देता येत नाही.
छापलेली नाही. वर मी मुलगी, म्हणजे हितसंबंध.
दोन्ही कलमं तोंडपाठ आहेत, दोन्ही बरोबर आहेत.
उद्या कुणीही घरची वही आणून
इतिहास म्हणून टाकेल, चालेल का?
रात्री मी नियमाच्या बाजूनं भांडते, माझ्याशीच,
जिंकते,
आणि झोप येत नाही.

परवा शब्द काढला नाही. वाक्याच्या शेवटी जोडलं:
'असे एका वार्ताहराने लिहिले.'
वाक्य होतं तिथंच राहिलं,
फक्त आता ते कुणाच्या तरी तोंडात होतं.

सकाळी येरळाकाठचं उत्तर आलेलं.
हे चालेल, म्हणाला. पहिल्यांदाच.
मग खाली, बराच वेळ थांबून लिहिल्यासारखं:
माझे वडील त्या दिवशी बंदोबस्तात होते. रायफल होती त्यांच्याकडं.
ते कात्रण त्यांनी मरेपर्यंत पाकिटात ठेवलं.
लिहिणाऱ्याचे पाय धरायचे राहिले, म्हणायचे.
नाव मिळेल का?

वाचनालय उघडायला अवकाश होता.
मोबाईलवरच उत्तर लिहायला घेतलं.
शिणगारे लिहिलं, मोबाईलनं शृंगार केलं.
परत शिणगारे. परत शृंगार.
माझं माहेरचं आडनाव त्याला माहीतच नाही.
पेपरवाल्यानं शटरखालून गठ्ठा आत सरकवला.